मीटरवर ४९, मोबाइलवर ४३: गाडीत बसून बाहेरचं खरं तापमान कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी दुपारभर ऑफिसच्या आवारात उन्हात उभी असते. चार वाजता सुरू केली की मीटरवर बाहेरचं तापमान ४९ दिसतं. गावाबाहेर हायवेला लागलं की उतरत उतरत ४४ वर येऊन थांबतं. मोबाइल तेव्हा ४३ सांगत असतो. यातलं खरं कोणतं? शिवाय वडिलांची गाडी २०१४ ची, बेस मॉडेल. तिच्या मीटरवर हा आकडाच नाही. तिच्यात बसल्या बसल्या बाहेर किती तापलंय हे ओळखता येतं का?

आधी उत्तर सांगून टाकतो. ४४ धरा. ४९ सोडून द्या. ४३ खोटं नाही, पण ते तुमच्या रस्त्याचं नाही. आणि वडिलांच्या गाडीतही दोन अंश इकडेतिकडे इतपत नक्की ओळखता येतं. त्याला दीड-दोनशे रुपयांचं एक साधन आणि थोडा धीर लागतो.

मी अकोल्यात गाड्यांचं वायरिंग आणि एसीचं काम करतो, सव्वीस वर्षं झाली. मार्च सरला की हा प्रश्न रोज दोघं-तिघं तरी विचारतात. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, लागला की गाडी घेऊन आलेला माणूस आधी मोबाइलवर मीटरचा फोटो दाखवतो, मग तक्रार सांगतो. कुणाचा ५१ चा फोटो, कुणाचा ५३ चा. मी त्यांना एवढंच सांगतो की भारतात हवामान खात्याने नोंदवलेलं सगळ्यात जास्त तापमान ५१ अंश आहे, राजस्थानातल्या फलोदीचं, १९ मे २०१६ चं. तुमची गाडी आपल्या सिग्नलवर उभ्या उभ्या फलोदीला मागे टाकत असेल तर गडबड हवेत नाही, बंपरमागे आहे.

एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं होतं. कुठलाही थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही, तो स्वतःचं तापमान सांगतो. आता तो स्वतः हवेइतकाच गरम आहे की ऊन, डांबर, इंजिन यांनी त्याला वेगळं तापवलंय, हे बघणं आपलं काम. मीटरवरचा आकडा असो, दाराची काच असो की टायर, प्रत्येक जण आपापलं तापमान सांगत असतो.

गाडीतला सेन्सर म्हणजे शेंगदाण्याएवढा काळा तुकडा, त्याला दोन वायरी आणि एक कपलर, म्हणजे जोडणीचा प्लग. बहुतेक गाड्यांत तो पुढच्या बंपरच्या मागे, जाळीजवळ, कंडेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या पट्टीच्या) पुढे अडकवलेला असतो. काही गाड्यांत बाजूच्या आरशाच्या खाली असतो. आत थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो, गार झाला की वाढतो. बऱ्याच सेन्सरमध्ये २५ अंशांना १० किलोओहम, ० अंशांना तीसेक आणि ४५ अंशांना साडेचारच्या आसपास मिळतो. कंपनीप्रमाणे आकडे बदलतात, पण चाल हीच. गाडीचा कंट्रोलर तो रोध मोजतो आणि अंशांत लिहून दाखवतो.

आता हा तुकडा बसलाय कुठे ते बघा. जमिनीपासून हातभर उंचीवर. मे महिन्यात दुपारी डांबराला हात लावून बघा, किंवा नका लावू, भाजेल. हवा ४३ असते तेव्हा डांबर ६० च्या पुढे सहज गेलेलं असतं. त्यावरची हातभर हवा डोक्याच्या उंचीवरच्या हवेपेक्षा गरम असते. त्यात गाडी उभी राहिली की बोनेटखालची गरम हवा खालून वळसा घेऊन जाळीपुढे येते आणि पंखा तीच परत आत ओढतो. सिग्नलला, टोलच्या रांगेत, रेल्वे फाटकाला आकडा चढतो तो या फिरत्या हवेमुळे.

गाडी बनवणाऱ्यांना हे माहीत नाही असं नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये युक्ती केलेली असते: आकडा उतरत असेल तर लगेच दाखवायचा, चढत असेल तर घाई करायची नाही. वेग कमी असेल तर कित्येक गाड्या चढता आकडा मानतच नाहीत, जुनाच धरून ठेवतात. गाडी बंद करून दहा मिनिटांत पुन्हा सुरू केली आणि इंजिन गरमच असेल तर सेन्सरकडे न बघता बंद करतानाचा आकडा परत दाखवतात. ढाब्यावर चहा पिऊन आलात आणि आकडा जिथे होता तिथेच दिसला, तर तो मोजलेला नाही, आठवणीतला आहे.

तुमचं ४९ इथेच पकडलं जातं. गाडी चार-पाच तास उभी होती. तेवढ्यात इंजिन बरंच निवतं. मग कंट्रोलर म्हणतो, ही नवी सुरुवात, जुना आकडा सोडा, सेन्सर म्हणेल ते खरं. सेन्सर तर बिचारा काळा बंपर आणि आवारातल्या सिमेंटच्या मध्ये दुपारभर भाजत बसलेला. तो ४९ म्हणाला ते स्वतःपुरतं अगदी खरं आहे. तुम्ही ५० च्या वर वेग धरून दहा मिनिटं चाललात, नवी हवा त्याच्यावरून वाहिली, तो निवला आणि ४४ वर आला. थांबला म्हणजे आता तो आणि हवा एकमेकांना भेटले. मात्र त्या दहा मिनिटांत एखाद्या ट्रकच्या मागे चिकटून चालला असाल तर ती मिनिटं धरू नका. ट्रकच्या सायलेन्सरची हवा तुमच्या जाळीत येत असते.

मोबाइलच्या ४३ बद्दल. तो आकडा जवळच्या एखाद्या केंद्राचा असतो, नाहीतर आसपासच्या केंद्रांवरून गणित करून काढलेला. हवामान खात्याचं थर्मामीटर पांढऱ्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत असतं, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, मोकळ्या मैदानात. ही पेटी टॉमस स्टीव्हन्सन या एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश अभियंत्याने काढली. हा माणूस दीपगृहं बांधायचा. तिचं काम एवढंच की ऊन आत येऊ द्यायचं नाही, वारा येऊ द्यायचा. पुण्याचे लोक शिवाजीनगरच्या हवामान खात्याला अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण ते १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. मी एकदा कामानिमित्त तिथून जाताना रिक्षावाल्याला विचारलं की सिमला का, तर तो म्हणाला, आत थंडी मोजतात म्हणून. असो. सांगायचं हे की पेटीतली हवा आणि डांबरावरची हवा यांत एक-दोन अंशांचा फरक असणारच. तुमचं ४४ आणि त्यांचं ४३ यांत भांडण नाही.

आणि सरकारी आकडा म्हणून डोळे झाकून घ्यायचा असंही नाही. ३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. दिवसभर ती बातमी मोबाइलवर फिरत होती. नंतर हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. सेन्सर म्हटला की बिघडतो, मग तो मैदानातला असो की बंपरमागचा.

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक काका आले. तक्रार एकच: एसी गार करत नाही. आधी दुसऱ्या दोन ठिकाणी दाखवून दोनदा गॅस भरून झाला होता, एकाने कंप्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) बदलायला लागेल असं सांगून मोठा खर्च काढला होता. मी गाडीत बसलो, चावी फिरवली आणि मीटरकडे बघितलं. बाहेरचं तापमान उणे ४०. गॅरेजच्या पत्र्याखाली आम्ही घामाने निथळतोय आणि गाडी म्हणतेय बाहेर उणे ४०! काकांना विचारलं, हे कधीपासून? ते म्हणाले, पावसाळ्यापासून, पण तो आकडा काय कामाचा म्हणून लक्ष दिलं नाही.

काम त्याचंच होतं. बाहेर फार थंडी असेल तर कंप्रेसर चालवायचा नाही, असा नियम गाडीच्या कंट्रोलरमध्ये असतो. दोन-चार अंशांच्या खाली बऱ्याच गाड्या कंप्रेसरचा क्लच लागूच देत नाहीत. सेन्सरची वायर तुटली की रोध अमर्याद होतो, आणि कंट्रोलरच्या भाषेत त्याचा अर्थ होतो भयंकर थंडी. उणे ४० हा त्याच्या पट्टीचा सगळ्यात खालचा आकडा. गाडी बिचारी नियमाने वागत होती. बंपर सैल करून बघितलं तर उंदराने दोन्ही वायरी कुरतडलेल्या. तीन इंच वायर, सोल्डर, वरून स्लीव्ह, अर्ध्या तासाचं काम. काकांनी बिल बघून विचारलं, बस एवढंच? तेव्हा भरलेला दोनदाचा गॅस मात्र काढून मोजून परत भरावा लागला, कारण जास्त झाला होता.

म्हणून माझं सांगणं असतं की त्या आकड्याकडे गंमत म्हणून बघू नका. आपोआप चालणाऱ्या एसीची गाडी त्याच्यावर बरंच काही ठरवते. आम्हालाही तो लागतो. गेज लावून एसीच्या गॅसचा वरच्या बाजूचा, म्हणजे कंप्रेसरच्या पुढचा, दाब वाचताना आधी बाहेरचं तापमान माहीत हवं. आर १३४ए गॅसच्या गाडीत फॅरेनहाइटमधल्या तापमानाच्या सव्वादोन ते अडीच पट पीएसआय असा जुना ठोकताळा आहे. ४२ अंश म्हणजे १०८ फॅरेनहाइट, म्हणजे साधारण २४० ते २७०. हेच २७० जानेवारीच्या सकाळी दिसले तर कंडेन्सर तुंबलाय किंवा पंखा मेलाय. तापमान न बघता दाब बघणारा माणूस नुसता गॅस भरत राहतो.

आकडा चुकतोय असं वाटत असेल तर कोणत्या बाजूला चुकतोय ते आधी बघा. नेहमीच कमी दाखवत असेल तर कपलर उघडा. हिरवा गंज चढला की रोध वाढतो, आणि वाढलेला रोध म्हणजे थंडी. ४५ अंशांना एक किलोओहमचा गंज मीटरवर पाचेक अंश खाली ओढतो. नेहमीच जास्त दाखवत असेल, अगदी हायवेलासुद्धा, तर बहुधा सेन्सर आपल्या जागेवरून निसटून मागे कंडेन्सरला टेकलेला असतो. अपघातानंतर बंपर काढून बसवलेल्या गाड्यांत हे मी इतक्यांदा पाहिलंय की आधी तेच विचारतो: कधी डेंटिंग-पेंटिंग झालंय का? पेंटर बंपर बसवताना सेन्सर क्लिपमध्ये परत अडकवायला विसरतो, तो वायरीला लोंबकळत राहतो.

खात्री करायची असेल तर स्टीलच्या पेल्यात बर्फ कुटून घाला, बुडेल इतकं पाणी घाला, ढवळा आणि सेन्सर पाच मिनिटं त्यात धरा. कपलर पाण्यात जाऊ देऊ नका. मल्टिमीटरवरचा रोध त्या गाडीच्या ० अंशांच्या आकड्याशी जुळला तर सेन्सर चांगला आहे, दोष पुढे आहे. नवा सेन्सर काही महाग वस्तू नाही. त्याच्यापर्यंत पोचायला बंपर उतरवावा लागतो, मजुरी त्याची असते.

गाडी धुतल्यावर आकडा एकदम सहा-सात अंशांनी उतरला, असंही सांगत येतात. त्यात बिघाड नाही. ओल्या सेन्सरवरून कोरडी हवा गेली की पाणी उडतं आणि त्याला गार करतं. तुमच्या घरातल्या कूलरच्या ताट्या हेच करतात. विदर्भातल्या कोरड्या उन्हात हा परिणाम चांगलाच दिसतो. कोकणात जुलैत गाडी धुवा, आकडा फारसा हलणार नाही, कारण तिथल्या हवेला आणखी पाणी नकोच असतं. सेन्सर वाळला की आकडा परत जागेवर.

याच्या उलट एक समज आहे की वेगात वारा लागून सेन्सर हवेपेक्षा गार होतो, म्हणून हायवेचा आकडा कमी असतो. तसं होत नाही. वाऱ्याने आपल्याला गार वाटतं कारण आपण घामेजलेले असतो, आणि हिवाळ्यात आपलं अंग हवेपेक्षा गरम असतं म्हणून. कोरडी, निर्जीव वस्तू कितीही वाऱ्यात धरा, हवेच्या तापमानाखाली जात नाही. उलट ताशी १०० च्या वेगाला हवा आदळून थांबते तिथे ती सुमारे ०.४ अंशाने तापते. ते विसरून गेलात तरी चालेल.

आता वडिलांची गाडी.

बंद गाडीच्या आतलं तापमान बघून बाहेरचा अंदाज कधीही करू नका. अमेरिकेत २२ ते ३६ अंशांच्या दिवसांत उन्हात उभ्या गाडीवर मोजणी झाली होती. तासाभरात आतली हवा सरासरी २२ अंशांनी वाढली, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच. काचा बोटभर उघड्या ठेवूनही फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर २५ च्या सुखाच्या हवेतही आत ४५ होऊ शकतं. पोराला झोप लागलीय म्हणून गाडीत ठेवून दोन मिनिटांत येतो म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा.

पहिली पद्धत जवळजवळ फुकटची. छोटा थर्मामीटर मधल्या व्हेंटच्या जाळीत अडकवा. एसी बंद, तापमानाचा नॉब निळ्या टोकाला, हवा बाहेरून घेणारी बाजू चालू, ब्लोअर मध्यम. मग मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वर चालत राहा. आधी एसी चालू होता तर निदान पंधरा मिनिटं थांबा, कारण कूलिंग कॉइल ओली असते आणि ती वाळेपर्यंत कूलरसारखी हवा गार करत राहते. तो दमट वास येतो तोवर आकडा वाचायचा नाही. वास गेला, आकडा स्थिर झाला, की त्यातून दोन वजा करा. हवा काचेखालच्या जाळीतून आत येते, वाटेत बोनेटची आणि ब्लोअरच्या मोटरची थोडी उष्णता उचलते, त्याचे हे दोन. नॉब निळ्या टोकाला असूनही हवा कोमट येत असेल तर आतली झडप नीट बंद होत नाही, हीटरची उष्णता मिसळतेय. मग ही पद्धत त्या गाडीला लागू नाही. उभ्या गाडीत तर अजिबात करू नका, बोनेटखालची सगळी झळ त्याच जाळीतून आत येते. आणि मे महिन्यात पंधरा मिनिटं एसीशिवाय चालवायची म्हणजे वडील काय म्हणतील ते तुम्ही बघा.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या, फ्रिजसाठी किंवा माशांच्या टाकीसाठी मिळतो तो. डबी डॅशबोर्डवर, वायरच्या टोकाचा प्रोब बाहेर. जागा बाजूच्या आरशाच्या खालची, जिथे आरशाचीच सावली पडते आणि वाराही लागतो. प्रोब नुसता चिकटवू नका. पांढऱ्या प्लॅस्टिक नळीचा दोन-तीन इंचांचा तुकडा, दोन्ही तोंडं उघडी, पुढे-मागे तोंड करून आरशाखाली बसवा आणि प्रोब त्याच्या मधोमध राहील असा अडकवा, कुठेही टेकू न देता. ऊन आत नाही, वारा आत आहे: स्टीव्हन्सनच्या पेटीचं काम झालं. जमिनीपासून उंचीही जवळजवळ तेवढीच येते. खरं सांगायचं तर ही जुगाड व्यवस्था तुमच्या नव्या गाडीच्या बंपरमागच्या सेन्सरपेक्षा चांगली आहे. माझ्या स्वतःच्या गाडीला दोन्ही आहेत. हायवेला त्यांच्यात एक-दीड अंशाचा फरक असतो, गावात सिग्नलला पाचेक अंशांचा, आणि दर वेळी कमी असतो तो आरशाखालचा.

काहीच साधन नसेल तर काचेला हात लावा. एसी चालू असताना सावलीच्या बाजूच्या दाराच्या काचेला, जिथे व्हेंटची हवा थेट लागत नाही तिथे, हाताची मागची बाजू टेकवा. गाडी ८० ने चालली असेल तर बाहेरचा वारा काचेवर जोराने घासत असतो आणि आतली हवा संथ असते, म्हणून काचेचं तापमान बाहेरच्या बाजूला झुकतं. आत २४ आणि बाहेर ४२ असेल तर काच ३९-४० च्या आसपास राहते. हाताच्या कातडीपेक्षा काच स्पष्ट गरम लागली तर बाहेर ४० च्या घरात आहे. ना गरम ना गार अशी लागली तर तिशीच्या मध्यावर. यापेक्षा बारीक हात सांगू शकत नाही.

करोनात घरोघरी तापमानाच्या गन आल्या. त्या काचेतून बाहेर रोखून लोक रस्त्याचं तापमान बघतात. त्या गनला काच पारदर्शक नाही. आपल्याला आरपार दिसतं, पण गन ज्या किरणांवर चालते ते काचेतून जात नाहीत. ती काचेचंच तापमान वाचते. त्यातही ताप बघायची गन ३२ ते ४२ अशा अरुंद पट्टीतली असते. इंडस्ट्रियल गन असेल तर तिने सावलीच्या काचेचं तापमान घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे दोन-तीन मिळवा, ते चालेल.

वडिलांच्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा ओबीडी सॉकेट असेल, गाडीची तपासणी करायचं यंत्र जोडतात तो. त्यात लावायचा ब्लूटूथचा ठोकळा आणि मोबाइलवरचं ॲप घेतलंत तर इंजिन आत ओढत असलेल्या हवेचं तापमान दिसतं. मीटरवर आकडा नसला तरी हा सेन्सर इंजिनाला लागतोच, म्हणून तो असतो. चालू गाडीत तो बोनेटची उष्णता धरून दाखवतो, तेव्हा भरवसा नको. पण पहाटे, रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन सुरू करण्याआधी नुसती चावी फिरवून बघा: आत येणारी हवा आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) दोन्ही एकच आकडा सांगतील, एक-दोन अंश इकडेतिकडे. रात्रभरात सगळी गाडीच हवेएवढी झालेली असते. तुमच्या नव्या गाडीचा बाहेरचा सेन्सरही याच वेळी त्यांच्याशी ताडून बघा. तिघांतला एक जण फटकून असेल तर चोर तो. टायरमध्ये दाब-तापमान दाखवणारे सेन्सर बसवले असतील तर तेही पहाटे हाच आकडा देतात. साध्या गेजवर मात्र दर सहा अंशांना एक पीएसआयचाच फरक पडतो, त्यावरून तापमान काढायला जाऊ नका.

घाटात उंचीचा हिशेब कामी येतो. साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंश. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना सातशे मीटरहून जास्त चढ आहे, चिखलदरा १,११८ मीटरवर. खाली ४२ असेल तर वर ३७ च्या आसपास धरा, आणि माझा अनुभव त्याला सोडून नाही. पण हा हिशेब सगळीकडे ठोकू नका. एप्रिलच्या दुपारी मुंबईहून पुण्याला निघा. समुद्राच्या वाऱ्याने मुंबई ३३-३४ वर असते, खोपोलीकडे येईपर्यंत आकडा चढतो, बोरघाटात उतरतो, आणि पुण्यात साडेपाचशे मीटर उंचीवर असूनही ३८-३९ दिसतो. उंचीच्या हिशेबाने पुणं गार असायला हवं. तिथे समुद्राचं अंतर उंचीवर मात करतं.

काचेवरची वाफ पण काही सांगते, पण ती तापमानाबद्दल कमी आणि दमटपणाबद्दल जास्त. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात काच बाहेरून धुरकट झाली आणि वाइपरने साफ झाली, तर एसीने काच बाहेरच्या दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्याच्या, खाली गार केलीय. त्या हवेत दवबिंदू आणि तापमान जवळजवळ एकच असतं, म्हणून बाहेर तुमच्या काचेपेक्षा थोडं जास्त आहे एवढं कळतं. एसीची हवा काचेवरून काढा, धूसर जाईल.

थंडीत मात्र आकड्याचा अर्थ बदलतो, आणि तिथे माणसं फसतात. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर दव गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा हवेचं तापमान ० च्या वरच असतं. निरभ्र रात्री गवत, गाडीचं टप, पुलाची फरशी आपली उष्णता उघड्या आकाशाला देऊन टाकतात आणि हवेपेक्षा कित्येक अंशांनी गार होतात. म्हणून बऱ्याच गाड्या ३-४ अंशांनाच बर्फाच्या फुलीचं चिन्ह दाखवून टिंग करतात, ० ची वाट बघत नाहीत. आपल्याकडे ते चिन्ह कुणी पाहिलेलं नसतं. उन्हाळ्यात मनाली-लेहला गाडी घेऊन जाणाऱ्यांना पहिल्यांदा दिसतं आणि ते मला फोन करतात की गाडीत काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं नाही. खिंडीत, सावलीच्या वळणावर, ओढ्याच्या पाण्याचा पातळ काचेसारखा बर्फ झालेला असू शकतो. वेग कमी करा, ब्रेक हळू दाबा. माझा भाचा कॅनडात असतो, तो सांगतो की पूल रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. त्याच्या गाडीचा आकडा १ असताना तो पुलावर घसरला होता.

वडिलांच्या गाडीला प्रोब लावणार असाल तर वायर दाराच्या रबरातून खालच्या बाजूने आत घ्या, वरून नको. आणि आत येण्याआधी तिला खाली लोंबणारं एक छोटं वळण ठेवा. पावसाचं पाणी वायरीवरून उतरून त्या वळणाच्या तळाशी ठिबकेल, आत दाराच्या पत्र्यात जाणार नाही.